छाया : नथू ओव्हाळ, भरे

भरे गावात नथू ओव्हाळ कुठं राहतो असं विचारलंत, तर समोरचा माणूस आधी तुमच्याकडंच संशयानं बघेल. ‘लाइटवाला नथ्या’ म्हणा, की लगेच हात लांब करून सांगेल, ‘त्यो काय, विहाराच्या मागं, अळवाच्या वाफ्याजवळचं घर.’ पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला गावानं अजून नथ्याच ठेवलं आहे आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नाही. नथूलाही वाटत नसावं असं गाव धरून चालतं. गावाला सोयीचं तेच गाव धरून चालतं, हा जुना रिवाज आहे.

नथूचं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या तोंडावर उजेड पाडण्यात गेलं. पिरंगुटच्या प्रदीपच्या फोटो स्टुडिओत तो मिसरूड फुटायच्या वयात लागला, तेव्हा प्रदीपचा बाप कॅमेरा धरायचा. पुढं प्रदीपनं धरला. नथूच्या हातात मात्र तेव्हाही लाइटचा दांडा होता आणि नंतरही तोच. ऐन मे महिन्यात मांडवात हॅलोजन डोक्यावर धरून उभं राहायचं आणि घाम डोळ्यांत गेला तरी पुसायचा नाही, कारण हात हलला की नवरीच्या नाकाची सावली गालावर सरकते. ‘नथू, जरा वर. डोळ्यांवर येतंय,’ असं प्रदीप म्हणायचा आणि नथू हात वर करायचा. मुळशी खोऱ्यातल्या कित्येक घरांच्या अल्बमांत नथूचा उजेड आहे. नथू कुठंच नाही. फार तर एखाद्या फोटोच्या कडेला त्याचं कोपर आलेलं असायचं, आणि पुढं तेही कापून टाकायची सोय निघाली.

एकदा सामुदायिक विवाहाचा फोटो पेपरात आला, तालुक्याच्या पानावर, चांगला मोठा. नथूनं पौडच्या स्टँडवर पेपर विकत घेतला आणि घरी आणून बायकोपुढं, रत्नाबाईपुढं पसरला. फोटोच्या खाली बारीक अक्षरांत छापलं होतं, ‘छाया : प्रदीप’.

‘उजेड मी धरला, आन् छाया त्येची व्हय गं?’

रत्नाबाई भाकरी थापत होती. ‘उजेडाची मजुरी मिळाली न्हवं? मग गप जेवा.’

नथू जेवला. पण तो शब्द काही त्याच्या डोक्यातून गेला नाही. छाया. आपल्या नावाच्या आधी तो शब्द एकदा, फक्त एकदाच बसलेला बघावा, अशी एक खुळी हाव त्या दिवशी त्याच्या पोटात शिरली ती शिरलीच.

मग लग्नांत ड्रोन आले, एलईडीच्या भिंती आल्या, आणि दांडा धरून उभा राहणारा माणूस नुसता अडचणीचा झाला. प्रदीप मोठा हुशार. त्यानं पावसाळ्यासाठी नवीच दुकानदारी काढली. शनिवारी रात्री शहरातल्या हौशी लोकांना ताम्हिणीच्या बाजूला न्यायचं आणि बेडकांचे फोटो काढायला शिकवायचं. हिंजवडीतली, बाणेरातली पोरंपोरी गमबूट घालून, महागडे कॅमेरे गळ्यात अडकवून यायची आणि अंगठ्याच्या नखाएवढ्या बेडकासमोर चिखलात पालथी पडायची. त्यांच्या शेजारी फ्लॅश धरून बसायला कुणीतरी हवंच होतं. नथू होताच. गावात चेष्टा सुरू झाली, ‘नथ्या नवरीवरनं बेडकीवर आला.’

नथूला पहिल्यांदा शिसारी यायची. नंतर मात्र गोडी लागली. लग्नात तो दांड्यामागं असायचा आणि माणसं लांब उजेडात. इथं बेडूक त्याच्या हातापासून वीतभर अंतरावर बसलेला. गळ्याची पातळ कातडी लपलप हलताना दिसायची, डोळ्याभोवतीची सोनेरी कड दिसायची. शिवाय बेडूक त्याला नथ्या म्हणत नव्हता, हेही काही थोडं नव्हतं.

बेडकाचं अंग ओलं असतं. त्याच्यावर उघडा फ्लॅश मारला की पाठीवर चुना सांडल्यासारखा पांढरा डाग पडतो आणि मागं डांबरासारखी काळी सावली उठते. म्हणून फ्लॅशच्या तोंडावर पांढरं कापड धरायचं. कापड जेवढं मोठं आणि जेवढं जवळ, तेवढा उजेड मऊ. तो गाळून येतो आणि सावली विरघळून जाते. प्रदीपकडं त्यासाठी विकतची पांढरी छत्री होती. नथूनं स्वतःचं साधन घरी बनवलं. दह्याच्या मोठ्या डब्याचा तळ कापला, आतून चकचकीत कागद चिकटवला आणि तोंडावर आपल्या मुलीचं, अपेक्षाचं, लहानपणचं मलमलचं दुपटं ताणून बांधलं. त्यातून येणाऱ्या उजेडाला तो ‘दुधाळ’ म्हणायचा. प्रदीपनं तो डबा बघितला, पोट धरून हसला, आणि पुढच्या शनिवारपासून छत्री सोडून तोच नथूला धरायला लावू लागला. बदल्यात स्क्रीनला तडा गेलेला एक जुना कॅमेरा त्यानं नथूला दिला. ‘घे, तुझाबी वेळ जाईल.’

यंदाच्या श्रावणात रत्नाबाईनं न्हाणीमागची फरशी उचलली. न्हाणीचं पाणी तिथून अळवाच्या वाफ्यात जायचं, ते तुंबलं होतं. फरशीखालच्या मऊ काळ्या मातीत करंगळीहून बारीक, वीतभर लांब, जांभळट तपकिरी असं काहीतरी वेटोळं घालून बसलं होतं. ती खराटा घेऊन आली. पण मारायच्या आधी तिनं हाक मारली, एवढे तिचे उपकार.

‘अवो, वाळा निघालाय का बघा.’

वाळा म्हणजे तो आंधळा बारका साप. नथू उकिडवा बसला आणि बराच वेळ बघत राहिला. असलं एक ताम्हिणीला त्यानं बघितलं होतं, प्रदीपच्या गिऱ्हाइकांनी त्याच्यापुढं अक्षरशः लोटांगण घातलं होतं.

‘साप न्हाई ह्यो. देवगांडूळ म्हनत्यात. बेडकाच्या जातीचं.’

‘बेडूक? मग ह्येचं पाय कुटं हायेत?’

‘न्हाईतच. बिनपायाचा बेडूक समज.’

‘मी कशाला समजू,’ रत्नाबाई म्हणाली आणि खाली वाकली. वेटोळ्याच्या आत भिजवलेल्या साबुदाण्यासारखी अंडी होती, दोऱ्यात ओवल्यागत एकमेकांना धरून. त्या आंधळ्या जिवानं स्वतःचं सगळं अंग त्यांच्याभोवती आवळलं होतं. रत्नाबाईनं खराटा पाठीमागं नेला. तिचा आवाज आपोआप खाली आला.

‘बाळंतीण हाय वो.’

तेव्हापासून घरात तिला बाळंतीणच म्हणायला लागले. फरशी हलक्या हातानं परत ठेवली गेली. न्हाणीत साबणाचं पाणी जाऊ नये म्हणून रत्नाबाई धुणं पुढच्या दारी नेऊन धुऊ लागली. वाफ्यातलं अळू कापायचं बंद झालं. शेजारणींनी वड्यांसाठी पानं मागितली तर ती म्हणायची, ‘तिचं व्हऊ द्या, मग न्या.’ कुणाचं, ते सांगायची नाही. आणि नथूनं मनाशी ठरवलं, ह्या अंड्यांतून पिल्लं बाहेर पडलेली बघायची. आपल्या परसात, आपल्या डोळ्यांनी, आपल्या कॅमेऱ्यातून. आयुष्यात दुसरं काही त्यानं असं ठरवून मागितलं नव्हतं.

फोटो त्यानं एकदाच काढला, आईचा आणि अंड्यांचा. दिवसा ऊन लागून माती सुकेल म्हणून रात्रीची जेवणं झाल्यावर काढला. मातीवर पडलेलं अळवाचं वाळकं देठ बाजूला केलं, रत्नाबाईच्या फुटक्या बांगडीचा तुकडा होता तो उचलला. फ्रेम स्वच्छ पाहिजे, हे प्रदीपचं वाक्य इतक्या शनिवारांनी त्याच्या अंगात मुरलं होतं. मग तो चिखलात पालथा पडला. आता उजेड कोण धरणार? रत्नाबाईनं पदर खोचला आणि दुपट्याचा डबा हातात घेतला.

‘रत्ना, जरा वर. डोळ्यांवर येतंय.’

‘कुनाच्या? आंदळी हाय म्हनता न्हवं ती?’

नथू चिखलात तोंड घालून हसला. इतक्या वर्षांत ते वाक्य त्यानं पहिल्यांदा स्वतःच्या तोंडानं उच्चारलं होतं, आणि ते उच्चारताना माणसाला किती बरं वाटतं हेही त्याला त्याच रात्री कळलं.

फोटो असा उतरला की बघत राहावं. ओल्या अंगावर एक ठिपका पांढरा नाही, अंगावरच्या वळ्या एकेक करून मोजाव्यात इतक्या साफ, मागं काळी मऊ माती, आणि मधोमध मोत्यासारखी अंडी. सावली औषधालाही नाही. ती वीतभर बाळंतीण फोटोत एखाद्या राणीसारखी पसरली होती. बाजूला देठ नाही, बांगडी नाही, मापाला काही म्हणून नाही, त्यामुळं ती केवढी आहे हे फोटो बघून साक्षात प्रदीपलाही सांगता आलं नसतं.

प्रदीपला त्यानं फोटो दाखवलाच. प्रदीप म्हणाला, ‘नथू, हा पेजवर टाकूया.’

‘नाव माझं टाकनार का?’

‘अरे, पेज स्टुडिओचं हाय. वेगळं नाव कसं टाकायचं? लोकं गोंधळतील.’

‘मग ऱ्हाऊ द्या,’ नथू म्हणाला. प्रदीपला त्यानं नाही म्हटलेलं हे पहिलंच. घरी येईपर्यंत त्याचे पाय जमिनीवर नव्हते.

अपेक्षा भूगावात राहते, नवरा-बायको दोघंही नोकरीला, पाळण्यात तान्हं पोर. तिनं बापाचा फोटो मोबाइलवर घेतला, कोपऱ्यात पेपरात छापतात तशा बारीक अक्षरांत लिहिलं, ‘छाया : नथू ओव्हाळ, भरे’, आणि परत पाठवला. वर एक तंबीही दिली. ‘पप्पा, जागा कुनाला सांगू नका बरं.’ नथूला ही तंबी नवी नव्हती. प्रदीप दर शनिवारी गिऱ्हाइकांना हेच बजावायचा, जनावर कुठं बघितलं ते कुणाला सांगायचं नाही. नथूनं मान डोलावली. आणि ती अक्षरं पुन्हापुन्हा बघताना शेवटच्या शब्दावर त्याची नजर एकदाही अडली नाही. भरे. जागा दुसऱ्या कुणी सांगायची गरजच उरली नव्हती, ती त्याच्या नावाला चिकटूनच चालली होती.

त्यानं तो फोटो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. का टाकला? अहो, ज्यांनी आयुष्यभर नथ्या म्हटलं त्यांना दाखवायचं नाही तर कुणाला दाखवायचं? ह्या ग्रुपवर त्यानं आजवर टाकलेल्या जयंतीच्या शुभेच्छांना कुणी अंगठासुद्धा दिला नव्हता. त्या रात्री मात्र मोबाइल सारखा वाजत राहिला. नथू अंथरुणावर पडून ऐकत होता आणि लेकराला थोपटावं तसा छातीवरच्या मोबाइलवर हात ठेवून झोपला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते ह्यालाच.

सकाळी दारात बुलेट थांबली. हैबतराव आले होते. परसाला लागून जे शेत आहे ते त्यांचं. कासार आंबोलीकडची जमीन त्यांनी बंगलेवाल्यांना विकली, हे शेत तेवढं राखलंय. ओव्हाळांच्या घराला पाणी येतं ती नळीही त्यांच्याच बांधातून येते. माणूस नथूहून लहान, पण नथूनं त्यांना कधी एकेरी हाक मारली नाही आणि त्यांनी नथूला कधी दुसरी मारली नाही. आज मात्र ते गाडीवरनं उतरता उतरता म्हणाले,

‘काय नथूशेठ. च्या पाजनार का न्हाई?’

शेठ. रत्नाबाई आतून दारापर्यंत आली. नथूनं खुर्ची पुसली. हैबतरावांनी चहाचा घोट घेतला आणि मोबाइल पुढं धरला.

‘केवडं हाय?’

‘एवडं,’ नथूनं वीत दाखवली. ‘जाडीला करंगळीबी न्हाई.’

‘फोटूत तर मनगटायेवडं दिसतंय.’

आणि इथं नथू फुलला. देवाशप्पथ, फुललाच. ‘त्यी लाइटची करामत हाय. दुधाळ लाइट असला की सावली ऱ्हात न्हाई, मग बारकं मोटं कळत न्हाई.’

हैबतराव हसले. त्यांच्या लेखी ही करामत लाइटची नव्हती, नथ्याच्या जिभेची होती. ‘आमी काय दुदखुळं हाय का? मांडूळ हाय ते.’

मांडूळ म्हणजे दोन तोंडांचा समजतात तो साप. बिचारा कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण तो घरात असला की गुप्तधन सापडतं, पैशाचा पाऊस पडतो, जाडजूड असला तर बाहेरच्या देशात करोडोला जातो, असल्या गप्पांवर आपल्याकडं शिकलेली माणसंसुद्धा वेडी झाली आहेत. धरणं गुन्हा आहे. पण गुन्हा आहे म्हटलं की लोकांना वाटतं, म्हणजे त्यात नक्कीच काहीतरी असणार.

‘मांडूळ न्हवं वो. बेडकाच्या जातीचं हाय.’

‘बेडकाच्या,’ हैबतराव म्हणाले.

‘बिनपायाचा बेडूक.’

हैबतरावांनी कप खाली ठेवला. ‘बरं बाबा, बेडूक. भागी करायची असंल तर सांग. एकट्याला पचायचं न्हाई तुला.’ जाताना त्यांनी परसाकडं, न कापलेल्या अळवाकडं एकदा नीट बघून घेतलं. शेठ म्हणायला ते विसरले होते. दुपारपर्यंत पारावर ‘नथ्याचा बिनपायाचा बेडूक’ हा त्या दिवसाचा विनोद झाला होता. हसत सगळेच होते, पण खरं कुणालाच वाटत नव्हतं. गंमत अशी की कुणी खोटं बोललं तर गाव ते कधीकधी पचवतं, खरं बोलणाऱ्या गरिबाकडं मात्र काहीतरी दडवलेलं असणार याची त्याला खात्रीच असते.

शनिवार आला. ताम्हिणीला मोठा गट होता, प्रदीपचा फोन आला. त्यातच भूगावाहून अपेक्षाचा फोन, पोराला ताप आहे, आई, ये. रत्नाबाईनं पिशवी भरली. निघताना तिनं फरशीवर ओलं पोतं टाकलं. ‘दोगंबी न्हाई आपन,’ ती म्हणाली.

‘एका रातीचा प्रश्न हाय. जायाला तर पायजे,’ नथू म्हणाला. जायला पाहिजेच होतं. लाइट धरणाऱ्याची गैरहजेरी कोण खपवून घेतो? रात्रभर तो परक्या बेडकांवर दुपट्याचा डबा धरून बसला. एका पोरीनं विचारलं, ‘काका, तुम्ही पण फोटो काढता का?’ त्यानं आपला फोटो दाखवला. ती म्हणाली, ‘अमेझिंग.’ पहाटे जीपमध्ये मागं बसून येताना तो शब्द त्यानं मनात दोनदा म्हणून बघितला.

घरी आला तेव्हा उजाडलं होतं. आधी त्याला वाटलं, रानडुकरं शिरली. अळू मुळासकट उपटून पडलं होतं, वाफ्याचा खड्डा झाला होता, फरशीचे दोन तुकडे होते आणि पोतं नळीवर लोंबत होतं. पण डुकरं कुदळ चालवत नाहीत. साप साप म्हणून भुई धोपटतात म्हणतात, इथं भुई धोपटून धोपटून सालटली होती. नथू खड्ड्यात उतरला आणि हातानं ढेकळं फोडत बसला. तिचा अर्धा भाग एका ढेकळाखाली मिळाला, अर्धा जरा लांब. अंडी चिखलात विखुरली होती. त्यांना मुंग्या लागल्या होत्या.

कुणी केलं ते कुणी बघितलं नव्हतं. असल्या रात्री गावात सगळ्यांनाच गाढ झोप लागते.

रत्नाबाई दुपारी आली. खड्ड्याच्या काठावर बसली आणि पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, ‘मी खराटा घिऊन गेल्ते तवाच मारलं असतं तर निदान एका फटक्यात तरी गेली असती.’ नथूला ते झोंबलं. तिच्यावर नाही, स्वतःवर त्याला संताप आला. नाव पाहिजे होतं तुला. घे आता नाव.

अपेक्षा फोनवर म्हणाली, ‘पप्पा, पोलिसात जा.’

‘काय सांगू तितं? गांडूळ मेलं म्हनून?’

‘मग निदान ग्रुपवर खरं काय ते टाका. बघू दे सगळ्यांना.’

हे त्याला पटलं. लोकांनी डोळ्यांनी माप बघितलं की तोंडं बंद होतील, असं त्याला वाटलं, आणि परसाला लागून असलेला बांध तरी वाचेल असं वाटलं. त्या मातीत अजून तिच्या जातीची असतीलच. त्यानं बाळंतिणीचे दोन तुकडे फरशीवर जुळवून ठेवले, शेजारी काडेपेटी ठेवली. दुपट्याचा डबा बाजूला सारला आणि उघडा फ्लॅश मारला. मुद्दाम मारला. पांढरे डाग पडू दे, काळी सावली पडू दे, काडेपेटी आणि ती शेजारीशेजारी दिसू दे. आयुष्यात त्यानं इतका वाईट उजेड कधी पाडला नव्हता. खाली त्यानं स्वतःच, अडखळत, टाइप केलं, ‘हे बघा एवढंच होतं. मांडूळ नव्हतं. छाया : नथू ओव्हाळ.’

मग हैबतरावांचा मेसेज आला.

‘हे तर पिल्लू आहे. मोठं कुठं ठेवलंय?’

त्याच्याखाली अंगठे यायला लागले. एकामागून एक, जयंतीच्या शुभेच्छांना न आलेले सगळे.

आता सांगा, ह्यावर माणसानं काय करावं? पहिला फोटो खोटा नव्हता, तो लोकांना मोठा दिसला. दुसरा तर काडेपेटीसकट खरा, तो पिल्लाचा ठरला. आणि पिल्लू आहे म्हणजे आई असणारच, ती फोटोतली, मनगटाएवढी. नथूनं स्वतःच्या हातानं पुरावा नेऊन दिला होता.

संध्याकाळी हैबतराव दोन गडी घेऊन बांधावर आले. चोरून नाही, राजरोस. रत्नाबाई कंबरेवर हात ठेवून आडवी गेली. ‘हितं माज्या घराचं पानी हाय.’

‘पानी तुजं आसंल, बांद माजा हाय,’ हैबतराव शांतपणे म्हणाले. ‘मी माज्या बांदात उकरतोय. तुमच्या परसात पाय ठेवला का मी?’ मग नथूकडं वळले. ‘नथ्या, अंदार पडाय लागलाय. नळी तुटू नये आसं वाटत आसंल तर बॅटरी धर. कुदळीला डोळं नसत्यात.’ आणि गड्यांकडं बघून म्हणाले, ‘लाइट धरायला ह्येच्यासारका मानूस न्हाई पंचक्रोशीत.’

रत्नाबाईनं नवऱ्याकडं बघितलं. त्यानं तिच्याकडं बघितलं नाही. तो घरात गेला, खुंटीवरची बॅटरी घेतली आणि येऊन बांधाच्या कडेला उभा राहिला. पाण्याची नळी तुटली असती तर उद्यापासून तिलाच हंडे वाहावे लागले असते, हे खरं कारण होतं. पण दुसरंही एक कारण होतं आणि ते त्याला स्वतःलाही नीट कळलं नसेल. उजेड धर म्हटलं की त्याचा हात उठायचा. इतक्या वर्षांची सवय होती ती.

कुदळी पडू लागल्या. ओली माती सुटत होती. एक ढेकूळ फुटलं आणि नथूला ते दिसलं. त्यालाच दिसलं, कारण असलं काही बघायची नजर तिथं दुसऱ्या कुणाला नव्हती. देवगांडूळच, पण लहान, काडीएवढं, जिवंत. अंगावर वळ्या, उजेड लागताच मातीत तोंड खुपसायला धडपडणारं. नथूनं मनगट वळवलं. उजेड दोन हात बाजूला गेला, नळीवर.

‘ए नथ्या, हिकडं. कुटं दावतोयस?’

कुदळ अंधारातच एकदा पडली. त्यानं उजेड परत आणला तेव्हा तिथं नुसती माती होती. ते आत शिरलं की कुदळीखाली आलं, त्याला कळलं नाही.

‘जरा वर,’ हैबतराव म्हणाले. ‘डोळ्यांवर येतंय.’

नथूनं हात वर केला.